वेगळा कप, बाजूचं ताट: मुलं विचारतात तेव्हा

जातपात, शिवाशिव, विटाळ यांबद्दल तुमची मुलं घरात काय विचारतात, असं आम्ही मागच्या अंकात विचारलं होतं. पत्रं भरपूर आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : आम्ही गावात, एकत्र कुटुंबात राहतो. मुलगा आठ वर्षांचा. त्याचा वर्गमित्र घरी आला की सासूबाई त्याला ओसरीवरच चहा देतात, तोही कोनाड्यातल्या वेगळ्या कपात. मित्र गेला की कप बाहेरच्या नळावर विसळून परत कोनाड्यात. मुलानं विचारलं, ‘त्याचा कप वेगळा का?’ मी ‘मोठ्यांना असं विचारू नये’ म्हणून गप्प केलं. आता काय सांगू? (सातारा जिल्हा)

यात काहीतरी खटकण्यासारखं आहे हे तुमच्या मुलाला कळलंय, म्हणूनच त्यानं विचारलं. चार-पाच वर्षांची मुलंही दोन प्रकारचे नियम वेगळे ओळखतात, हे एलियट ट्युरिएल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९७०च्या दशकापासून दाखवून दिलं आहे. ‘बाई चालेल म्हणाल्या तर गणवेश न घालता यावं का?’ असं विचारलं की मुलं ‘हो’ म्हणतात. ‘बाई चालेल म्हणाल्या तर दुसऱ्याला मारावं का?’ असं विचारलं की ‘नाही’ म्हणतात. लॅरी नुची यांनी अमेरिकेतल्या अत्यंत कर्मठ ख्रिस्ती घरांतल्या मुलांना असंच विचारलं. देवानं नियमच केला नसता तर रविवारी काम केलेलं चालेल, असं बहुतेकांचं म्हणणं पडलं. चोरी मात्र तरीही चालणार नाही! म्हणजे परंपरेत मुरलेल्या घरातलं मूलही ‘रीत’ आणि ‘दुसऱ्याला दुखावणं’ यांची गल्लत करत नाही. गल्लत मोठी माणसं करून देतात.

तुम्ही गप्प केलंत तेव्हा त्याला दोन गोष्टी कळल्या असणार. एक, हा विषय काढायचा नसतो. दुसरी जास्त वाईट: मित्रातच काहीतरी कमी असावं. मुलं रिकामी जागा स्वतः भरतात. ‘त्याचे हात घाण असतील’ हे उत्तर त्यांना सहज सुचतं.

विषय तुम्हीच पुन्हा काढा. सासूबाई जवळ नसताना, भाजी निवडताना वगैरे. ‘त्या दिवशी तू कपाचं विचारलंस ना, तो प्रश्न बरोबर होता. पूर्वी काही माणसांना जन्मावरून हलकं मानायचे, त्यांची भांडी वेगळी ठेवायचे. ते चूक होतं. आपल्या राज्यघटनेनं ते बंद केलं. आजीला लहानपणापासून तसंच शिकवलं, म्हणून ती अजून करते. मला ते पटत नाही.’ एवढं पुरे. मग ‘त्याला कसं वाटत असेल?’ एवढं विचारून थांबा. उत्तर लगेच आलं नाही तरी स्वतः देऊ नका. राज्यघटनेचं अस्पृश्यता बंद करणारं सतरावं कलम वगैरे अकराव्या-बाराव्या वर्षी सांगता येईल. आठव्या वर्षी व्याख्यान दिलं तर तो पुढच्या वेळी विचारणारच नाही. आणि ‘आजी वाईट आहे’ असं चुकूनही म्हणू नका. आजी त्याला हवी आहे. आजी आणि न्याय यांतून एक निवड असं सांगितलं तर बहुतेक मुलं आजी निवडतात.

आता कपाचं. तुम्ही कितीही नीट बोललात आणि कप कोनाड्यात तसाच राहिला, तर मुलगा कपाचं ऐकणार. मुलासमोर सासूबाईंशी वाद घालू नका. त्याऐवजी हे करून बघा: एकसारखे स्टीलचे डझनभर कप आणा आणि जुने सगळे एकदम काढा, फक्त कोनाड्यातला नव्हे. मित्र आला की चहा तुम्ही टाका, सगळ्यांचे कप एकाच ट्रेमध्ये न्या आणि सगळे एकाच मोरीत घासा. भेदाभेद घडतो तो चहा हातात देण्याच्या क्षणी. तो क्षण ज्याच्या हातात, त्याची रीत चालते. सासूबाई स्वतःसाठी वेगळा पेला ठेवू लागल्या तर ठेवू द्या. स्वतःचं सोवळं स्वतःपुरतं पाळलं तर कुणाचा अपमान होत नाही. हा फरक मुलालाही दाखवता येतो, आणि तो त्याला चटकन कळतो.

कागदी कपांचा मध्यममार्ग बरेच जण काढतात. सगळ्यांना कागदी असेल तर हरकत नाही. फक्त त्यालाच कागदी असेल तर तो कोनाड्यातलाच कप, फक्त रोज नवा.

एक धोका सांगून ठेवतो. मुलगा रात्री जेवताना भर पंगतीत ‘आई म्हणते आजीचं चुकतं’ असं जाहीर करणार. तेव्हा घरात ‘पोराला भडकवलं’ हे ऐकायची तयारी ठेवा. म्हणून मुलाशी बोलण्याआधी नवऱ्याशी एकट्यानं बोला. त्याला सगळं पटलं नाही तरी ‘मुलासमोर माझं खोडू नका’ एवढं कबूल करून घ्या.

प्रश्न : मुलगी बारा वर्षांची. गेल्या वर्षी पाळी सुरू झाली. आमच्याकडे त्या चार दिवसांत लोणच्याच्या बरणीला हात लावत नाहीत. ती म्हणते, ‘विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं हे खोटं आहे.’ आजी म्हणते, ‘आमच्या डोळ्यांदेखत लोणचं नासलंय.’ मी मध्ये अडकले आहे. (नाशिक)

लोणचं नासताना आजींनी पाहिलं असेल, त्या खोटं बोलत नाहीत. लोणचं नासतंच. त्याची कारणं फोडी नीट न पुसणं, मीठ कमी पडणं, फोडी तेलावर उघड्या राहणं आणि ओला चमचा. नासल्यावर कारण शोधताना नजर बाईकडे वळते, चमच्याकडे नाही.

मग करून बघा. कैरीचा हंगाम असेल तर मुलीला आणि आजींना, दोघींनाही सोबत घ्या. एक किलो फोडी धुऊन, पुसून, कापडावर दोन-तीन तास सुकवा. दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ, नेहमीचा मसाला, आणि गरम करून पूर्ण गार केलेलं तेल. सगळं एकाच परातीत कालवून दोन सारख्या, उन्हात तापवलेल्या काचेच्या बरण्यांत भरा. फोडींवर बोटभर तेल आलंच पाहिजे. एका बरणीला पाळीच्या दिवसांत मुलीनं रोज कोरड्या डावानं ढवळायचं. दुसरी बरणी तेच दिवस, तसाच डाव, पण ढवळायचं आजींनी. बरण्यांखाली खूण करून ती झाकून टाका, म्हणजे महिन्यानंतर चव घेताना कुठली कुणाची हे कळणार नाही. आजींना हे फार आवडतं. लोणच्याची परीक्षा घेण्यात त्यांच्याइतकं तरबेज घरात कुणी नसतं.

चुकतं कुठे? मुलगी उत्साहात ओला हात घालते, तिच्याच बरणीला बुरशी येते आणि पुढची वीस वर्षं ती बरणी पुरावा म्हणून सांगितली जाते. म्हणून ढवळताना आजी समोर हव्यात. दोन्ही बरण्या नासल्या तर पाणी किंवा मीठ चुकलं, असा निकाल आधीच ठरवून घ्या.

पण बरणी टिकली म्हणून वाद मिटेल असं समजू नका. आजी बहुधा म्हणतील, ‘लोणच्याचं असेल, पण देवाला चालत नाही.’ इथे मुलगी हिरमुसते, कारण तिला वाटतं आपण जिंकलो होतो. तिला सांगा की हा प्रश्न बदलला. पहिला दावा जगाबद्दल होता, तो बरणीनं तपासता आला. दुसरा श्रद्धेबद्दल आहे, तो बरणीनं तपासता येत नाही. मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड श्वेडर आणि सहकाऱ्यांनी भुवनेश्वरमध्ये केलेला अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. वडील वारल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलानं केस कापले आणि कोंबडी खाल्ली, हे तिथल्या लोकांना अत्यंत गंभीर पाप वाटलं. ट्युरिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर बोट ठेवलं ते असं: त्या लोकांच्या मते त्यामुळे वडिलांच्या आत्म्याला त्रास होतो. म्हणजे मूल्य आपल्यासारखंच, वडिलांना दुखवू नये हेच. वेगळी आहे ती वस्तुस्थितीबद्दलची समजूत. बऱ्याच रूढी अशाच तपासता येतात. ‘यानं कुणाचं काय बिघडतं असं मानतात?’ हे आधी विचारायचं. बिघडतं त्याला पुरावा आहे का, हे मग.

पुढचं ठरवताना मुलीच्या मर्यादाही ठरवून द्या. देव्हाऱ्याला हात न लावणं तिला स्वतःला पटत असेल तर तो तिचा निर्णय. मात्र वेगळं झोपणं, न्हाणीघर न वापरू देणं, शाळा बुडवणं, वेगळं ताट या गोष्टींवर तिची संमती विचारायची नसते. त्या आईनं सरळ बंद करायच्या.

प्रश्न : आम्ही बौद्ध आहोत. मुलगी नऊ वर्षांची. वर्गातल्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला सगळ्यांना बोलावलं, हिला नाही. मैत्रिणीनंच सांगितलं, ‘आई नको म्हणाली.’ मुलगी विचारते, ‘माझं काय चुकलं?’ खरं सांगावं तर तिच्या मनात राग भरेल, न सांगावं तर ती स्वतःलाच दोष देईल. (लातूर)

खरं सांगा. आजच. नऊ वर्षांच्या मुलीला कारण दिलं नाही तर ती स्वतःतच शोधते: रंग, कपडे, डबा, बोलणं. आणि हे शोधणं वर्षानुवर्षं चालतं. पहिलं वाक्य असं असावं: ‘तुझं काहीच चुकलं नाही. चूक त्या घरातल्या मोठ्या माणसांची आहे.’ मग कारण, नाव घेऊन. आडपडदा ठेवला की मुलांना वाटतं आपली जात हीच काही लाजिरवाणी गोष्ट आहे.

रागाची भीती वाटते, ते समजतं. पण अन्यायाचा राग येणं म्हणजे बिघडणं नव्हे. राग ‘त्या घरानं चुकीचं केलं’ इथून ‘ते सगळे तसलेच’ इथवर सरकू नये, एवढीच काळजी घ्यायची. त्यासाठी ‘सगळे सारखे नसतात’ हे बोधवाक्य फारसं उपयोगी नाही. तपशील उपयोगी पडतात. महाडचं चवदार तळं सांगताना सगळं सांगा. १९२३ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचं जाहीर केलं, तरी प्रत्यक्षात पाणी घेऊ दिलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो माणसं तळ्यावर गेली. उच्च न्यायालयाचा निकाल बाजूनं लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. हे दहा वर्षांचं अंतर मुलीला नक्की सांगा. न्याय लगेच मिळाला नाही म्हणून ती खचणार नाही. आणि त्याच लढ्यात सुरेंद्रनाथ टिपणीस होते, अनंत चित्रे होते, दोघंही सवर्ण. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर सहस्रबुद्धे जन्मानं ब्राह्मण होते. नावं, तारखा असल्या की मूल माणसांना जातीच्या गठ्ठ्यात न टाकता एकेकटं पाहू लागतं.

त्या मैत्रिणीचं काय? मुलीवर सोडा. तिनं ‘आई नको म्हणाली’ हे खरं सांगितलं, म्हणजे तिलाही ते खटकलं असण्याची शक्यता आहे. मैत्री ठेवायची तर ठेवू द्या, तोडायची तर तोडू द्या. ‘मोठ्या मनानं माफ कर’ असं मात्र सांगू नका. ज्याला दुखावलं त्याच्याकडूनच मोठ्या मनाची अपेक्षा करायची, ही जुनी खोड आहे आपली.

तुमच्या घरी तिच्या वाढदिवसाला कुणाला बोलवायचं हेही तिनंच ठरवावं. त्या मैत्रिणीला बोलवायचं आहे का, हे एकदाच विचारा.

प्रश्न : शिष्यवृत्तीचे अर्ज वाटताना गुरुजी वर्गात ‘अमक्या जातीची मुलं उभी राहा’ म्हणतात. आमच्या मुलाला त्यात काही वाटत नाही, उलट आता तो मित्रांना त्यावरून चिडवतो. हे शाळेला सांगावं का? (विदर्भातील एक पालक)

सांगावंच. गुरुजींचा हेतू बहुधा काम उरकण्याचा आहे, पण परिणाम हेतू पाहून होत नाही. अमेरिकेत रेबेका बिगलर यांनी वर्गातल्या मुलांना निळे आणि पिवळे टी-शर्ट वाटले. ज्या वर्गांत शिक्षक ‘निळे रांगेत या, पिवळे बसा’ असं म्हणत होते, तिथल्या मुलांना काही आठवड्यांत आपलाच रंग चांगला वाटू लागला. जिथे शिक्षकांनी रंगाचा उल्लेख केला नाही, तिथे तसं झालं नाही. कापडाच्या रंगाची ही कथा, जातीची काय सांगावी! कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलग्यांना कागदावरची भुलभुलैयाची कोडी दिली. जात न सांगता सोडवली तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांत फरक नव्हता. सगळ्यांसमोर नाव-जात वाचून दाखवल्यावर दलित मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या साधारण पाचव्या हिश्श्यानं घटली.

मुख्याध्यापकांना तोंडी भेटा, गुरुजींचं नाव न घेता पर्याय सुचवा: अर्ज वर्गात न वाटता कार्यालयातून पालकांना द्यावेत, किंवा सगळ्याच मुलांना बंद पाकीट द्यावं आणि त्यात ज्याला जे लागू ते असावं. ऐकलं नाही तर शाळा व्यवस्थापन समितीत लेखी विषय द्या. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. त्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये मुलांच्या मानसिक छळाला बंदी आहे. पत्रात त्याचा उल्लेख करा, पण पहिल्याच भेटीत कायदा काढू नका.

मुलाचं चिडवणं वेगळं हाताळा. ‘पुन्हा म्हणालास तर बघ’ म्हटलं की तो तुमच्यासमोर म्हणायचं बंद करेल, एवढंच. त्याला विचारा: ‘तू म्हणालास तेव्हा त्याचा चेहरा कसा झाला?’ मग भरपाई त्यानंच सुचवायची. दहा उठाबशांपेक्षा हे अवघड जातं मुलांना.

प्रश्न : आमच्या समाजाच्या पंचांनी पुतणीनं बाहेर लग्न केलं म्हणून भावाच्या घराशी बोलणं-चालणं बंद केलंय. पंधरा वर्षांचा मुलगा म्हणतो, ‘मी पंचांच्या बैठकीत जाऊन मोबाइलवर सगळं शूट करणार आणि टाकणार.’ त्याचं खरं आहे, पण भीती वाटते. (एक वडील)

त्याचं खरं आहे हे त्याला तसंच सांगा, ‘पण’ न जोडता. पण बैठकीत त्याला एकट्याला जाऊ देऊ नका. या वयात तत्त्व पक्कं असतं, धोक्याचा अंदाज कच्चा असतो, आणि मित्र बघत असतील तर आणखी कच्चा.

सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१६चा, जुलै २०१७ पासून लागू. बहिष्कार टाकणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तक्रार तुम्ही किंवा तुमच्या भावानं करायची, मुलानं नाही. आधी कागद जमवा: कुठल्या तारखेला, कुठे, कोण, काय म्हणालं. दंड मागितला असेल तर रक्कम आणि मागणारा. कुठल्या लग्नाचं, मयताचं आमंत्रण थांबलं. आलेले मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट दोन फोनवर ठेवा. ही वही मुलाला सांभाळू द्या, त्याच्या तडफेला खरं काम मिळेल. व्हिडिओ स्टेटसवर टाकला की पंच सावध होतात आणि त्याच रात्री घरावर दबाव येतो. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती २०१३ पासून जातपंचायत मूठमाती अभियान चालवते. पोलीस ठाण्यात जाण्याआधी त्यांच्या जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांना गाठलं तर एकटं जावं लागत नाही. मुलाला धमकी आली तर १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे.

आणि तो आत्ताच करू शकेल अशी गोष्ट: काकांच्या घरी जाणं. बहिष्कार चालतो तो लोक जायचे थांबतात म्हणून. तुम्हीही सोबत जा. तुम्ही घरी बसून त्याला पाठवलंत, तर शौर्य म्हणजे लहानांनी करायची गोष्ट असं तो शिकेल.

प्रश्न : दहा वर्षांची मुलगी आमच्यावरच उलटते. ‘सगळे समान म्हणता आणि मावशींना जमिनीवर बसवून चहा देता.’ उर्मटपणा वाढलाय. (पुणे)

मुद्दा तिचा बरोबर आहे, त्यामुळे आधी मुद्द्याचं उत्तर द्या. बोलण्याची पद्धत दुसऱ्या दिवशी काढा. दोन्ही एकाच वेळी काढलं तर तुम्ही मुद्दा टाळताय हे तिला कळणार.

खुर्ची द्या, पण मावशींना आधी एकांतात विचारा. पाहुण्यांसमोर, मुलीच्या हट्टापायी, ‘बसा ना बसा ना’ करत बसवलं तर त्या अवघडतात आणि पुढच्या वेळी चहाच नको म्हणतात. काहींना खाली बसूनच पाठ मोकळी करायची असते. त्या नको म्हणाल्या तर मुलीलाही ते त्यांच्याच तोंडून ऐकू द्या. आणि मुलगी त्यांना ‘ए मावशी’ म्हणते की ‘अहो मावशी’, तेही एकदा ऐकून बघा.